भुलगा दिसत नाही, दिसला तर फोटोत येत नाही: खराब हवेत किनाऱ्यावरून मोजणी करताना काय काय तपासायचं

परतीचा पाऊस सुरू झाला की दर वर्षी हा प्रश्न मला कुणी ना कुणी विचारतंच आणि प्रत्येकाचं म्हणणं थोड्याफार फरकाने तेच असतं, की भुलगा, म्हणजे किनाऱ्याजवळचा डॉल्फिनसारखा छोटा सागरी प्राणी, मोजायला तीन दिवस कड्यावर बसलो, दुर्बीण होती, ४०० मिमीची लेन्स होती, एकदा काहीतरी काळपट वर आलं, धडाधड साठ फोटो मारले आणि घरी येऊन बघतो तर साठच्या साठ फोटोत नुसतं पाणी. मग लगेच दुसरा प्रश्न, की वहीत काय लिहू, शून्य? दोन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे म्हणून एकत्रच लिहिते, आणि लांबलचक लिहिते, कारण हे दोन ओळीत सांगितलं की लोक कॅमेरा बदलायला निघतात आणि पुढच्या वर्षी परत तीच तक्रार.

मी देवगड आणि कुणकेश्वरच्या मधल्या सड्यावरून, म्हणजे समुद्राकाठच्या उंच उघड्या कातळावरून, बघते, गेली सात वर्षं, जमेल तेव्हा, नोकरी सांभाळून. आपल्याकडे किनाऱ्याजवळ जो पॉरपॉइज (डॉल्फिनचा छोटा भाऊबंद) मिळतो तो फिनलेस पॉरपॉइज. जुन्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञांच्या पुस्तकात त्याचं मराठी नाव भुलगा असं नोंदलेलं आहे, मला ते आवडतं म्हणून मी तेच वापरते. साधारण दीड मीटरचा प्राणी, डोकं गोल, डॉल्फिनसारखी चोच नाही, आणि पाठीवर फिनच, म्हणजे वर उभा असणारा पर, नाही. फिनच्या जागी बारीक बारीक गाठींची एक पट्टी असते, बस. उड्या मारत नाही, बोटीच्या पुढे खेळायला येत नाही, उलट बोटीपासून लांबच जातो. शिवाय बहुतेक वेळा एकटा, नाहीतर दोघं-तिघं. म्हणजे डॉल्फिन बघताना आपण नकळत ज्या गोष्टींवर अवलंबून असतो, उंच फिन, उडी, पाण्याचा उडालेला फवारा, मोठा घोळका, त्यातलं इथे काहीच नाही. पाण्यातून एक करडी पाठ पुढे गोल फिरते आणि सेकंदाभरात आत जाते. हे डोक्यात पक्कं बसल्याशिवाय पुढचं काही उपयोगाचं नाही.

आता मुख्य मुद्दा. लोक म्हणतात हवा खराब होती. कोणती हवा? ढग होते, पाऊस होता, वारा होता, मोठ्या लाटा होत्या, धुरकट होतं, का उन्हाची चमक होती? या सहा वेगळ्या गोष्टी आहेत, त्यातल्या पाचांवर काहीतरी इलाज आहे आणि एकावर कसलाच नाही, आणि ती एक म्हणजे वारा.

ढग म्हणजे खराब हवा नाहीच. मी तर ढगाळ आणि वारा पडलेल्या सकाळची वाट बघते. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे दुपारनंतर सूर्य समोर येतो आणि अर्धा समुद्र चांदीसारखा चमकायला लागतो, त्या पट्ट्यात हत्ती पोहला तरी कळणार नाही. ढगात ती चमकच नसते, पाणी सगळीकडे एकसारखं राखाडी आणि त्यावर ओली पाठ गडद उठून दिसते. फोटो फिके येतील हे खरं, पण फोटो नंतर सुधारता येतो, न दिसलेला प्राणी नंतर दिसत नाही.

वाऱ्याचं मात्र वेगळं. वाऱ्याचा जोर ० ते १२ आकड्यांत सांगणारं बोफर्ट स्केल सगळ्यांना नेटवर मिळेल, मला त्यातला एकच सांधा महत्त्वाचा वाटतो, २ आणि ३ च्या मधला. २ म्हणजे ताशी ६ ते ११ किलोमीटर वारा, छोट्या छोट्या लाटा उठतात पण त्यांचा माथा फुटत नाही. ३ म्हणजे ताशी १२ ते १९, इथे माथे फुटायला लागतात आणि कुठे कुठे पांढरा फेस दिसतो. फेस दिसायला लागला की भुलग्याची मोजणी संपली. थांबा म्हणत नाही मी, बसा हवं तर, डॉल्फिन बघा, पक्षी बघा, पण भुलग्यासाठी तो वेळ धरू नका. कारण साधं आहे, प्रत्येक लाटेच्या पोटात एक काळी सावली तयार होते, तिचा आकार आणि त्याच्या पाठीचा आकार जवळजवळ सारखाच, आणि अशा सावल्या एका नजरेत शेकड्यांनी असतात. चांगली दुर्बीण घेतली तर त्या सावल्या मोठ्या दिसतील, एवढंच.

आमच्याकडे रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जाणारे एक काका आहेत, वय सत्तरीच्या पुढे, त्यांना पहिल्या वर्षी मी विचारलं होतं की तुम्हाला दिसतात आणि मला का नाही, तर म्हणाले, "बाय, पाणी तेलासारख्यां झालां काय बघ, तेव्हाच दिसतत ते. वारो सुटल्यार कित्याक डोळे फोडतंस?" पुढे दोन वर्षं वही भरल्यावर माझ्या आकड्यांनी दुसरं काहीच सांगितलं नाही.

मग वारा नसलेली वेळ कधी मिळते? शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे शिकवलेले असतात, ते इथे कामाला येतात. पावसाळा सरला की रात्रभर जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो, तो मंद असतो आणि कड्याच्या आडोशाने किनाऱ्यालगतचं पाणी सकाळी अगदी सपाट असतं. दहा-अकरा वाजले की जमीन तापते आणि खारा वारा सुरू होतो, दुपारी दोनला तुम्ही येऊन बसलात तर दिवसातली सगळ्यात वाईट वेळ निवडलीत. त्यात सकाळी सूर्य पाठीमागे असतो, म्हणजे चमकही नाही. मुंबई-पुण्याहून येणारे लोक रात्री गाडी चालवून येतात, सकाळी झोपतात, जेवून दुपारी कड्यावर येतात आणि संध्याकाळी मला सांगतात काहीच नाही दिसलं. उजाडताना या, दहापर्यंत बसा, मग झोपा.

जून ते सप्टेंबरचं विचारतात पुष्कळ जण. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, समुद्रात होड्या जवळजवळ नसतात, त्यामुळे किनाऱ्यावरूनच काय ते बघता येईल असं वाटतं, बरोबर आहे, पण भर पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा सरळ तोंडावर येतो आणि समुद्र दिवसेंदिवस ४ च्या खाली येत नाही. मी त्या महिन्यांत जाते, पण मनात ठेवून जाते की आज मोजणी होण्याची शक्यता फार कमी. दोन सरींच्या मधे, पावसाला खंड पडला की कधी कधी तासभर वारा पडतो, तो तास सोन्यासारखा, पण त्यासाठी गावातच राहायला हवं. बाहेरून येणाऱ्यांनी आधी इन्कॉइसचा, म्हणजे हैदराबादच्या सरकारी समुद्र-माहिती केंद्राचा, लाटा आणि वाऱ्याचा अंदाज बघावा, जिल्ह्यानुसार मिळतो आणि फुकट मिळतो, आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा असेल तर निघूच नये.

लाटांचं थोडक्यात. वारा नाही पण दूरवर कुठेतरी वादळ होऊन गेलंय आणि लांबच लांब जाड लाटा येतायत, असं होतं. पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो पण प्राणी लाटेच्या खळग्यात लपतो. यावर इलाज म्हणजे उंची. पुळणीवर, म्हणजे खाली वाळूत, उभं राहिलात तर खळगे दिसतच नाहीत, तीस-चाळीस मीटरच्या कड्यावरून खळग्याच्या आत नजर जाते. म्हणून दिवस वाया गेला म्हणायच्या आधी एक प्रश्न विचारा, माझ्यासमोर फेस आहे का नुसती उसळ आहे? नुसती उसळ असेल तर वर चढा. फेस असेल तर वर चढून उपयोग नाही.

आता शून्याचा प्रश्न. हा माझ्या जिव्हाळ्याचा आहे. काही वर्षांपूर्वी किनाऱ्यावरच्या एका कामासाठी केलेल्या पाहणीचा कागद माझ्या हातात आला, त्यात एक ओळ होती की या पट्ट्यात पॉरपॉइज आढळला नाही. मी तारखा आणि वेळा बघितल्या तर मे महिन्याचा शेवटचा आठवडा, दोन दिवस, दोन्ही दुपारच्या वेळा. माझी वही काढली, त्या दोन्ही दुपारी मी ४ लिहिलं होतं. म्हणजे माणसं आली होती, बसली होती, प्रामाणिकपणे बघतही असतील, पण त्या पाण्यात भुलगा असता तरी त्यांना दिसला नसता, आणि कागदावर मात्र "नाही" छापलं गेलं. वाऱ्याची नोंदच नव्हती त्यामुळे वाचणाऱ्याला कळायला काही मार्गच नव्हता. मला त्याचा अजून त्रास होतो. हा प्राणी वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, धोक्यातल्या प्राण्यांच्या जागतिक यादीत असुरक्षित म्हणून आहे, जाळ्यात अडकून मरतो, आणि त्याच्या बाजूने बोलायला आपल्याकडे असतात त्या फक्त या नोंदी.

म्हणून वहीत दर पंधरा मिनिटांनी एक ओळ, काही दिसो न दिसो. वेळ, वारा किती, फेस आहे का, उसळ किती, समोरच्या पाण्याचा साधारण किती भाग चमकतोय, पाऊस आहे का, बोटी किती. बसल्याची वेळ आणि उठल्याची वेळ तर लिहायचीच. मग महिन्याच्या शेवटी हिशेब करताना फक्त ० ते २ वाऱ्याचे तास धरायचे. समजा तुम्ही २० तास बसलात, त्यातले ६ तासच पाणी सपाट होतं, आणि त्या ६ तासांत ३ वेळा भुलगा दिसला. सगळे तास धरले तर तासाला ०.१५, चांगले तास धरले तर ०.५. तिपटीहून जास्त फरक पडला आणि समुद्रात काहीच बदललेलं नाही. पुढच्या वर्षी वारा जास्त राहिला आणि तुम्ही सगळे तास धरत बसलात तर तुम्हाला वाटेल भुलगे कमी झाले. वारा ३ किंवा त्याच्या वर असताना काही दिसलं नाही तर माझ्या वहीत मी शून्य लिहीत नाही, "पाहणी झाली नाही" असं लिहिते आणि वाऱ्याचा आकडा लिहिते. शून्य फक्त सपाट पाण्याला. आणि सपाट पाण्याचं शून्य मात्र जरूर लिहायचं, ते कंटाळवाणं वाटतं म्हणून लोक सोडून देतात आणि मग फक्त दिसलेल्या दिवसांची वही तयार होते, तिचा काही उपयोग नाही.

शक्यतो दोघं बसा. एकाने बघायचं, एकाने लिहायचं, वीस-पंचवीस मिनिटांनी बदली. एकट्याने लिहायला मान खाली घातली की नेमकं त्याच वेळी वर येतो तो. आणि सतत दुर्बीण डोळ्याला लावून बसू नका, आधी नुसत्या डोळ्यांनी सावकाश डावीकडून उजवीकडे, मग दुर्बिणीने उजवीकडून डावीकडे. ७ नाहीतर ८ पटीची दुर्बीण पुरे, वाऱ्यात १० पटीची हातात थरथरते.

आता फोटो. "साठ फोटोत नुसतं पाणी" याची कारणं मी पाहिलेली बहुतेक वेळा चारच असतात.

पहिलं म्हणजे अपेक्षा. एक हिशेब करून बघा. ४०० मिमी लेन्स, फुल फ्रेम कॅमेरा, रुंदीला ६००० पिक्सेल. प्राणी ५०० मीटरवर, पाण्याबाहेर पाठ दिसते साधारण ६० सेंटिमीटर. सेन्सरवर ती पाठ अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही कमी पडते, फोटोत ८० पिक्सेल. ६००० मधले ८०. क्रॉप, म्हणजे छोटा, सेन्सर असेल तर १२० च्या आसपास. किलोमीटरवर असेल तर त्याच्याही निम्मे. त्यामुळे पुष्कळदा फोटोत तो असतो आणि मोबाइलच्या स्क्रीनवर बघून लोक उडवून टाकतात. माझं एकच सांगणं आहे, कड्यावर बसून काहीही डिलीट करू नका. घरी मोठ्या स्क्रीनवर शंभर टक्क्यांवर उघडा आणि फोटोचे नऊ तुकडे मनात पाडून एकेक बघा. मला दोन नोंदी अशा मिळाल्यात ज्या कड्यावर असताना मी वाया गेल्या म्हणून सोडल्या होत्या. आणि अशा फोटोचं काम पुरावा देण्याचं आहे, पाठ आहे, फिन नाही, एवढं कळलं तरी काम झालं. फिनवरच्या खुणांवरून एकेक डॉल्फिन ओळखतात तसं इथे होणार नाही, फिनच नाही तर खुणा कुठून.

दुसरं कारण फोकस. ढगाळ हवेत पाणी राखाडी, आकाश राखाडी, पकडायला कॅमेऱ्याला काही कडाच मिळत नाही, मग तो पुढे-मागे शोधत बसतो नाहीतर जवळच्या फेसावर, पावसाच्या थेंबांवर जाऊन बसतो. तोवर पाठ गेली आत. इलाज असा, शटरच्या बटणावरून फोकस काढून मागच्या बटणावर घ्या, समोर साधारण त्याच अंतरावर जाळ्याचा बोया असतोच, नाहीतर नांगरलेली होडी, तिच्यावर मधल्या एकाच पॉइंटने फोकस करा आणि मग त्या बटणाला हात लावू नका. प्राणी वर आला की फक्त शटर. ५०० मीटरवर थोडं इकडेतिकडे झालं तरी चालतं. दर अर्ध्या तासाने बोयावर परत एकदा करून घ्यायचं, कारण झूम फिरवताना हात लागतो.

तिसरं, वेळ चुकते. पाठ दिसली, मग कॅमेरा उचलला, मग शोधलं, तेवढ्यात संपलं. पहिल्या पाठीचा फोटो मिळत नाही हे मान्य करून टाका. भुलगा बहुतेक वेळा थोड्या थोड्या अंतराने तीन-चार वेळा वर येतो आणि मग मोठी बुडी मारतो. पहिली दिसली की कॅमेरा तिकडे रोखायचा, जिथे दिसली तिथे नाही, तो ज्या दिशेने चालला होता त्याच्या थोडं पुढे, आणि थांबायचं. शटरचा वेग १/१६०० सेकंदापेक्षा हळू नको, आयएसओ (कॅमेरा उजेड किती टिपतो तो आकडा) ऑटो वर सोडा, वाढला तर वाढू दे, दाणेदार फोटोतली पाठ ओळखू येते, हललेल्या फोटोतली येत नाही. रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या मूळ प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये, काढा, राखाडीवरचं राखाडी नंतर ओढून काढता येतं. पोलरायझर, म्हणजे चमक कापणारा फिल्टर, ढगात काढून ठेवा, एक-दीड स्टॉप उजेड खातो आणि ढगात त्याचा फायदा नाही.

चौथं मला समजायला तीन वर्षं लागली. ऑक्टोबरच्या उन्हात, वारा नाही, फोकस बरोबर, शटर २००० आणि तरी सगळं मऊ, जणू पाण्यातून बघतोय. हवा तापून थरथरते त्यामुळे होतं ते, लेन्स जितकी लांब तितकं जास्त. यात निम्मा वाटा आपल्या पायाखालच्या कातळाचा असतो. कातळ सकाळी नऊलाच तापायला लागतो आणि तुम्ही कड्याच्या काठापासून वीस फूट मागे बसलात तर समोरच्या तापलेल्या कातळावरची हवा तुमच्या लेन्सच्या पुढ्यात थरथरत असते. काठाच्या जवळ, सुरक्षित अंतर राखून, आणि जमलं तर गवतावर बसलात तर फरक लगेच दिसतो. गाडीच्या टपावरून तर मुळीच काढू नका.

पावसात बसायचं असेल तर छत्री नको, वाऱ्यात तीच सांभाळत बसाल. मी सरळ गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आडोशाला बसते, लेन्स फक्त चिऱ्यांच्या वर, आणि गडग्यावर भाताच्या तुसाची छोटी उशी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून ठेवते, तिच्यावर लेन्स टेकवली की ट्रायपॉडची गरज उरत नाही आणि वाऱ्याने हलतही नाही. डोक्यावर इरलं असेल घरात तर घ्या, आजकाल फार कुणाकडे उरली नाहीत, पण दोन्ही हात मोकळे राहतात आणि पाठ कोरडी राहते. लेन्सला हूड कायम लावलेलं. थेंब पडलाच तर मऊ कापडाने टिपायचा, घासायचा नाही, आणि खाऱ्या पाण्याचे शिंतोडे असतील तर आधी गोड्या पाण्याने ओलसर केलेल्या कापडाने, कारण सुकलेल्या मिठाचे कण कोरड्या कापडाखाली काचेवर ओरखडे काढतात.

आणि एसी. गाडीत एसी लावून येतात, कॅमेरा बाहेर काढतात आणि लेन्सवर धुकं. पुसलं की परत धुकं. आपल्या दमट हवेत थंड काच बाहेर आली की हे होणारच. शेवटचा अर्धा तास एसी बंद करून काचा उघडा किंवा बॅग डिकीत ठेवा. घरी गेल्यावर ओली बॅग बंद करून ठेवू नका, पावसाळ्यात लेन्समध्ये बुरशी धरायला वेळ लागत नाही, सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. तांदळात ठेवायचा उपाय लोक सांगतात, त्याची पूड लेन्समध्ये जाते, नका करू.

एक बारीकशी गोष्ट जी जवळजवळ प्रत्येकाची चुकते, कॅमेऱ्यातलं घड्याळ. वहीत ७:४० ला नोंद आणि फोटोवर ७:२२, मग हा तोच प्राणी का दुसरा? सुरू करताना पहिला फोटो मोबाइलच्या घड्याळाचा काढायचा, सेकंद दिसतील असा. फरक किती तो कायमचा नोंदला जातो.

अंतराबद्दल. अंदाजाने अंतर सांगू नका, धुरकट हवेत सगळं लांब वाटतं आणि स्वच्छ हवेत जवळ. कड्याची उंची माहीत असेल तर प्राणी आडव्या रेषेपासून किती अंश खाली दिसतोय त्यावरून अंतर निघतं, ४० मीटर उंचीवरून साडेचार अंश खाली म्हणजे साधारण ५०० मीटर. आत मापाच्या रेघा असलेली दुर्बीण मिळते त्यासाठी, पण धुरकट हवेत क्षितिजच दिसत नसेल तर त्या रेघा मोजायच्या कुठून? मग आधीच एखाद्या स्वच्छ दिवशी समोरचे खडक, जाळ्यांचे बोये, खाडीच्या तोंडाची खूण यांची अंतरं नकाशावरून काढून वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. उंची निवडतानाही एक लक्षात घ्या, भरती-ओहोटीने पाणी दोनेक मीटर वर-खाली होतं. ४० मीटरच्या कड्यावर दोन मीटर म्हणजे अंतरात ५ टक्के चूक, दहा मीटरच्या टेकाडावर तेच २० टक्के. उधाणाच्या दिवसांत तर भरतीची वेळ नोंदीत हवीच.

आता जे भुलगा वाटतं आणि नसतं. नारळी पौर्णिमा झाली की आठ-पंधरा दिवस समुद्रात नारळ तरंगत असतात, अर्धवट बुडालेला ओला नारळ राखाडी पाण्यात अगदी गोल काळपट दिसतो. फरक हालचालीत आहे. नारळ लाटेबरोबर वर-खाली होतो आणि तिथेच राहतो. भुलग्याची पाठ पुढे सरकते, चाकासारखी फिरते आणि नाहीशी होते. पाणकावळा बुडी मारताना, कासवाचं डोकं, जाळ्याचा काळा बोया, हे सगळे असेच. पण सगळ्यात जास्त घोटाळा हम्पबॅक डॉल्फिनचा होतो, आमच्याकडे किनाऱ्याला तोच जास्त दिसतो. त्याच्या पाठीवर उंचवटा आणि त्यावर छोटं फिन असतं, आणि बहुतेक वेळा वर येताना आधी लांब चोच बाहेर येते. पिल्लू असेल आणि तिरकं दिसलं तर फिन लपतं. म्हणून एका पाठीवरून नाव लिहू नका, निदान दोनदा वर येताना बघा, आणि खात्री नसेल तर "लहान, फिन दिसलं नाही" एवढंच लिहा. ही नोंद कमी दर्जाची नाही, उलट मला अशी नोंद करणाऱ्याच्या वहीवर जास्त विश्वास वाटतो.

माझी सगळ्यात चांगली सकाळ सांगते, म्हणजे काय शोधायचं ते कळेल. ऑक्टोबर, रात्री पाऊस पडून गेलेला, आकाश भरलेलं, सहा पंचवीसला वाऱ्याचा आकडा १. पाणी शिशाच्या रंगाचं. खाली दीडेकशे मीटरवर सुरय पक्षी घिरट्या घालत होते, म्हणून तिकडे बघत होते तर आधी आवाज आला, बारीक "फुस", कुणीतरी मेणबत्ती विझवावी तसा. मग पाठ. फिन नाही, मधोमध एक अरुंद पट्टी, तिच्यावरून पाणी दोन्ही बाजूंना ओघळताना दिसलं. तिच्या शेजारी दुसरी, निम्म्या आकाराची, अगदी चिकटून. चार वेळा वर आल्या दोघी आणि गेल्या. अकरा फोटो काढले, त्यातल्या तिनांत पाठ आहे, एकात दोन्ही आहेत. पावणेनऊला वारा ३ झाला आणि मी वही बंद केली.

खराब हवेनंतर मेलेले प्राणी पुळणीवर लागतात, तेही या कामाचाच भाग आहे. हात लावू नका, वनखात्याला आणि पोलीस पाटलांना कळवा, आणि तोवर फोटो काढा: पूर्ण कुशीतून एक, पाठ वरून एक, डोकं जवळून, शेजारी टेप नाहीतर निदान तुमची चप्पल ठेवून. तोंड उघडं असेल तर दातांचा फोटो जरूर, पॉरपॉइजचे दात चपटे, फावड्यासारखे असतात आणि डॉल्फिनचे टोकदार सुळ्यासारखे, शरीर सडलेलं असलं तरी त्यावरून कळतं. अंगावर जाळ्याच्या खुणा असतील तर त्या जवळून. आणि जिवंत अडकलेला कुणाला सापडला आणि सोडवायला जाळं कापावं लागलं तर मच्छीमारांना सांगा की राज्य सरकारची भरपाईची योजना आहे, २०१८ पासून, २५,००० रुपयांपर्यंत, त्यासाठी सोडवतानाचे फोटो लागतात. काकांना हे माहीत नव्हतं, त्यांच्या शेजारच्यांनाही नव्हतं.

विजांचं सांगायचं राहिलं. परतीच्या पावसात दुपारनंतर विजा असतात आणि सडा म्हणजे उघडं मैदान, त्यावर तुम्ही आणि तुमचा लोखंडी ट्रायपॉड. वीज दिसल्यापासून तीस सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर सगळं गुंडाळून घरात, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर नाही. भुलगा समोर असला तरी.

एवढं सगळं करूनही अडलं तर विचारा, मी बघते, पण विचारताना "हवा खराब होती" असं लिहू नका. तारीख, वेळ, फेस होता का नव्हता, तुम्ही किती उंचीवर होतात, आणि एक फोटो, क्रॉप न केलेला, कॅमेऱ्यातून निघाला तसा.